दोघांची पिशवी

ओहोटीच्या वेळी ट्रॉम्बेच्या धक्क्यावर गेलं की होड्या चिखलात एका कुशीवर कलंडलेल्या दिसतात आणि त्यांच्या भोवती निवट्या टुणटुण उड्या मारत असतात. मामाला हे बघायला आवडतं. तो चेंबूरला राहतो. मी त्याच्याकडे मुक्कामाला गेले की एक संध्याकाळ ठरलेली असते. रिक्षाने चिता कॅम्पच्या गर्दीतून पुढे जुन्या गावठाणाच्या टोकाला यायचं आणि कठड्यावर बसायचं. समोर ठाण्याची खाडी, पलीकडे वाशीच्या इमारती, मागे ट्रॉम्बेची टेकडी. त्या टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, भाभा अणुसंशोधन केंद्रात, मामाची सदतीस वर्षं नोकरी झाली. १९७४ ला लागला, २०११ ला निवृत्त झाला. किरणोत्साराची मोजमापं घ्यायची, माणसांच्या छातीवरचे बॅज तपासायला पाठवायचे, कुणाला किती मात्रा मिळाली याची नोंद ठेवायची, हे त्याचं काम. अजूनही तो दुधाचा हिशेब लिहिताना आकड्याखाली दोन रेघा ओढतो.

परवा रात्री आम्ही तिघांनी ‘झोंबिवली’ पाहिला. आदित्य सरपोतदारांचा हा सिनेमा २६ जानेवारी २०२२ ला आला होता. माझा तेव्हा हुकला, मामा-मामीला तर ठाऊकही नव्हता. अमेय वाघ आणि वैदेही परशुरामी हे मध्यमवर्गीय जोडपं डोंबिवलीतल्या नव्या टॉवरमध्ये राहायला येतं. ती गरोदर आहे. शेजारीच झोपडपट्टी, तिथला लढाऊ तरुण ललित प्रभाकर, दोन्हींच्या मध्ये पाण्याचा प्रश्न. आणि मग माणसं माणसांना चावायला लागतात. मामी वाल सोलत अधूनमधून बघत होती. मामा शेवटपर्यंत एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर टेकल्या टेकल्या म्हणाला,

“मला एक सांग. जग बुडायला लागलं की सिनेमातली माणसं धावत का सुटतात?”

“मागे झोंबी लागल्यावर काय करतील बिचारी?”

“झोंबीचं सोड. तुझे ते परदेशी सिनेमे घे. उल्का पडू दे, साथ येऊ दे, अणुबॉम्ब फुटू दे. एक नवरा, एक बायको, एक गाडी. दोघं शहर सोडून निघतात. मागे शहर मरतं, दोघं वाचतात, शेवटी टेकडीवरून सूर्योदय बघतात. मी सगळी नोकरी लोकांना याच्या बरोबर उलटं सांगण्यात घालवली. काही झालं तर धावू नका. जिथे आहात तिथे आत जा. दारं-खिडक्या लावा, पंखा बंद करा, रेडिओ लावा आणि सांगतील तेव्हाच बाहेर या.”

“पण मामा, दोघं खिडक्या लावून घरात बसली आहेत, यावर सिनेमा कसा करायचा?”

“का नाही करायचा? खरं धैर्य त्यातच आहे. पाय धावायला बघतात, त्यांना धरून ठेवायचं. तुला काय वाटतं, ते सोपं आहे?”

मी त्याला ‘ए क्वाएट प्लेस’बद्दल सांगितलं. २०१८ चा अमेरिकन सिनेमा. आवाज ऐकून हल्ला करणारे प्राणी पृथ्वीवर आले आहेत आणि एक जोडपं मुलांना घेऊन शेतावरच्या घरात मुक्याने जगतंय. एमिली ब्लंट आणि जॉन क्रॅसिन्स्की, खऱ्या आयुष्यातही नवरा-बायको, दिग्दर्शनही त्याचंच. बाईचे दिवस भरलेले असतात आणि तोंडातून आवाज काढायचा नसतो. मामाने हे फार लक्ष देऊन ऐकलं.

“मग? झाला ना सिनेमा? ती दोघं कुठे पळतात?”

“पण मामा, ते शेत आहे. मैलभर माणूस नाही. इथे चेंबूर-गोवंडीत एक जोडपं मुक्याने राहिलं तरी शेजारच्याचा मिक्सर चालूच असणार.”

“तेच म्हणतोय मी. शहरातल्या माणसाला सिनेमाने शेतावरचं ज्ञान द्यावं आणि त्याने ते प्रमाण मानावं, याचं मला भय वाटतं. भोपाळमध्ये काय झालं?”

भोपाळ हा शब्द तो हलक्याने उच्चारत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथल्या कारखान्याच्या टाकीतून सुमारे चाळीस टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडला. हवेपेक्षा जड वायू, जमिनीलगत पसरत गेला. लोक डोळ्यांची आग होऊन झोपेतून उठले आणि मिळेल त्या वाटेने पळाले.

“पळणारा माणूस जास्त श्वास घेतो,” मामा सांगत होता. “म्हणजे विषही जास्त घेतो. त्यात कित्येक जण वायू ज्या दिशेला चालला होता त्याच दिशेला पळाले. लहान मुलांचं तोंड जमिनीजवळ, त्यांचे तर फार हाल झाले. ओलं फडकं तोंडावर धरा आणि वाऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हा, एवढी दोन वाक्यं त्या रात्री लोकांपर्यंत पोचायला हवी होती. पळणाऱ्यांची चूक नव्हती गं. त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. माझा सगळा राग त्याच्यावर आहे.”

मग त्याने मला ते शिकवलं. तुम्हालाही सांगते, कारण कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असावं असं मला मनापासून वाटतं. “वास आला की आधी वारा बघ. झाडाचं पान बघ, दोरीवरचं धुणं बघ, चिमणीचा धूर बघ. घर जवळ असेल तर आत जा. नसेल तर वाऱ्याला आडवी चाल. वाऱ्याबरोबर पळालीस तर वायू तुझ्या सोबतीलाच येणार.” समोर एका होडीच्या काठीला कुणाचा तरी निळा बनियन वाळत घातला होता. तो खाडीकडून गावाकडे फडफडत होता. तेव्हापासून मी कुठेही उभी राहिले की आधी दोरीवरचे कपडे बघते.

“आणि किरणोत्सार? त्यात तरी पळायला नको का?”

“त्यात तर आधी थांबायचं. लोकांना वाटतं, ह्या टेकडीमागे राक्षस झोपलाय. इथल्या भट्ट्या संशोधनाच्या. ४ ऑगस्ट १९५६ ला अप्सरा सुरू झाली ती एका मेगावॅटची. ध्रुव १९८५ ची, शंभर मेगावॅट उष्णतेची. फुकुशिमातली एकेक भट्टी तिच्या दहापटीहून मोठी. तरी नियम एकच. सुरुवातीला भिंत ही तुझी ढाल. किरणोत्सारी आयोडीन आठ दिवसांत निम्मं होतं, पुढच्या आठ दिवसांत त्याचं निम्मं. वेळ तुझ्या बाजूने असतो. सांगितलं तरच आयोडीनची गोळी घ्यायची, सांगितलं तरच बाहेर पडायचं. आता फुकुशिमाचंच बघ. २०११ साली माणसं घाईघाईने हलवली. खाटेवरचे रुग्ण बसमध्ये घातले, म्हातारी माणसं एका छावणीतून दुसऱ्या छावणीत फिरवली. त्या एका प्रांतात त्सुनामीने जेवढी माणसं नेली त्याहून जास्त त्यानंतरच्या हालांनी गेली. दोन हजारांच्या वर. सरकारी नोंद आहे. धावणंसुद्धा माणसं मारतं.”

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. आणि मग मामाने मला माहीत नसलेली एक गोष्ट सांगितली.

“भोपाळच्या नंतरच्या आठवड्यात चेंबूरमध्ये सगळे हादरलेले होते. आजूबाजूला खतांचा कारखाना, तेलाचे कारखाने. आम्ही तेव्हा अणुशक्तीनगरच्या क्वार्टरमध्ये होतो. एका रात्री जेवणं झाल्यावर मी तुझ्या मामीला समोर बसवलं आणि म्हटलं, काही झालं तर मी तुला शोधायला येणार नाही. तूही मला शोधायला यायचं नाही. मी कामावर असेन तर मला तिथेच थांबावं लागेल. तू असशील तिथे दार लावून बसायचं. दोघांनी एकमेकांसाठी रस्त्यावर उतरायचं नाही.”

“आणि मामी?”

“ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, पिशवी करून ठेवते. टॉर्च, मेणबत्त्या, काड्यापेटी, ट्रान्झिस्टर, रेशनकार्ड, पाण्याच्या दोन बाटल्या. अजून आहे ती पिशवी. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पाणी बदलतो.”

माझ्या घशाशी काहीतरी आलं. नवरा-बायको संकटात एकमेकांकडे धाव घेतात, यावर सगळ्या सिनेमांचा डोलारा उभा असतो. इथे दोघांनी धाव न घेण्याची शपथ घेतली होती आणि चाळीस वर्षं ती पाळत आली होती. हे प्रेम आहे यात मला शंका नव्हती. तरी मला ते पुरेसं वाटेना. का, ते नीट मांडायला मला वेळ लागला.

“मामा, तुझी शपथ मला पटते. पण तिच्यात एक घर गृहीत धरलेलं आहे. भिंतीचं, स्लॅबचं, खिडक्या घट्ट लागणारं. आत्ता आपण ज्या गल्ल्यांतून आलो त्यांत वर पत्रा, भिंत आणि पत्रा यांच्यात हात जाईल एवढी फट. तिथल्या जोडप्याला तू कुठल्या खिडक्या लावायला सांगणार?”

तो गप्प राहिला. चिता कॅम्पचा विषय आमच्यात याआधी कधी थेट आला नव्हता.

चिता कॅम्प वसला तो मे १९७६ मध्ये, आणीबाणीत. त्याआधी ही माणसं जनता कॉलनीत राहत होती. मुंबईतल्या दुसऱ्या जागांवरून हलवून त्यांना तिथे आणलं गेलं होतं. त्यांनी घरं बांधली, शाळा, देवळं, मशिदी, दुकानं उभी केली. अणुऊर्जा विभागाला ती जमीन हवी होती. वस्तीने वर्षानुवर्षं लढा दिला, कोर्टकचेऱ्या केल्या. कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावातून आलेला जॉकिन अर्पुथम नावाचा तरुण त्या लढ्याचा पुढारी होता. वस्तीतल्या पोरांना घेऊन न उचललेला कचरा थेट पालिकेच्या दारात नेऊन टाकणारा माणूस. शेवटी वस्ती उठलीच. सत्तर हजारांच्या घरात माणसं खाडीकाठच्या दलदलीत आली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात झाली. अर्पुथम यांनी पुढे झोपडपट्टीवासीयांची देशभरची संघटना उभारली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले.

“मी तेव्हा दोन वर्षांचा नोकर होतो,” मामा खाडीकडे बघत म्हणाला. “मला माहीत होतं. बघायला गेलो नाही.”

“मी तुला दोष देत नाहीये.”

“तू दे किंवा नको देऊस. बघायला गेलो नाही, हे खरं आहे.”

मी पुढे म्हटलं, “त्या सत्तर हजारांत किती जोडपी असतील बघ. त्यांच्यासाठी जग एका दिवसात संपलं होतं. पण तिथे धावणारी दोनच माणसं नव्हती. सामान कुणी वाहिलं, पत्रे कुणी धरले, चिखलात पहिली फळी कुणी टाकली? शेजाऱ्यांनी. एकट्या जोडप्याने दलदलीत घर उभं करता येत नाही. म्हणून मला ‘झोंबिवली’ आवडला. तो मराठी सिनेमा आहे म्हणून नव्हे. त्यातल्या जोडप्याला सुटकेसाठी डोंगरावर पाठवलेलं नाही. त्यांना शेजारच्या झोपडपट्टीशी सोयरीक जोडावी लागते. टॉवर आणि वस्ती एका नळाला बांधलेली आहेत, हे त्या दिग्दर्शकाला कळलंय.”

“आणि म्हणून दार उघडायचं? साथीत? तू डॉक्टर असतीस तर असं बोलली नसतीस.”

“‘ट्रेन टू बुसान’ बघ मग. कोरियन, २०१६ चा. धावत्या आगगाडीत झोंबी शिरतात. एका डब्यातली सुखरूप माणसं दुसऱ्या डब्यातून जीव मुठीत धरून आलेल्यांना आत घेत नाहीत. दार दाबून धरतात. दोन्हीकडून माणसंच, मध्ये एक काच. आपल्या लोकलच्या दारात उभं राहिलेल्या माणसाला तो प्रसंग वेगळा समजावून सांगायला नको. त्यातही एक जोडपं आहे, बायको गरोदर आहे. नवरा जातो. शेवटी बोगद्यातून ती आणि एक छोटी मुलगी चालत येतात, दोघींचं एकमेकींशी काही नातं नसतं. वाचलेलं कुटुंब हे असं असतं.”

“सिनेमात,” मामा म्हणाला.

“गोवंडीत,” मी म्हणाले.

ही गोष्ट मामाला अर्धी ठाऊक होती. २६ जुलै २००५. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला जेमतेम ७३. एकाच शहरात जगबुडी आणि साधा पावसाळी दिवस. मी तेव्हा गोवंडीच्या एका शाळेत शिकवत होते, नवरा कुर्ल्याला कामाला होता, आम्ही मानखुर्दला राहत होतो. लग्नाला दीड वर्ष झालेलं. गाड्या बंद, फोन बंद. मी शाळेतून निघाले ती त्याला शोधायला. तो कुर्ल्याहून निघाला तो मला शोधायला. पोहता दोघांनाही येत नव्हतं. अंधार पडता पडता मी कमरेएवढ्या पाण्यात एका गल्लीच्या तोंडाशी उभी होते. पुढे जावं तर खोली कळेना, मागे फिरावं तर पाणी चढत होतं.

वरून एका बाईने हाक मारली. खालची खोली बुडालेली, वर पोटमाळा, त्याला टेकवलेली लोखंडी शिडी. ती पोटमाळ्याच्या तोंडाशी पालथी झोपून हात खाली सोडत होती आणि रस्त्यातल्या बायका-पोरांना एकेकीला मनगटाने वर खेचत होती. खेचताना मोजत होती. मी आठवी. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या फुटून तिच्याच मनगटात रुतल्या होत्या, माझ्या हाताला ते रक्त लागलेलं मला नंतर दिसलं. वर तिची सासू, दोन मुलं, भांडी, गॅसची शेगडी. अकरावी बाई वर आली तेव्हा फळ्या करकरल्या. ती म्हणाली, “बास. आता माळा पडेल.” खालून पुन्हा हाक आली. ती दोन क्षण थांबली आणि तिने हात परत खाली सोडला. तेरा जणींना घेतलं तिने. रात्रभर आम्ही पाय पोटाशी घेऊन बसलो. कोऱ्या चहाचं एकच पातेलं हातोहात फिरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं घरी भेटलो. त्याने रात्र बंद पडलेल्या एका बसच्या वरच्या मजल्यावर काढली होती, पंचवीस-तीस अनोळखी माणसांबरोबर.

“म्हणजे माझंच खरं,” मामा म्हणाला. आवाजात जिंकल्याचा सूर नव्हता, काळजी होती, वीस वर्षांनंतरही. “तू शाळेत थांबायला हवं होतंस. शाळा दुमजली होती. तो कामावर थांबायला हवा होता. दोघंही कोरडी राहिली असतीत. दोघंही प्रेमापोटी पाण्यात उतरलात आणि दोघंही जवळपास गेला होतात.”

“खरं आहे तुझं. आज तशी वेळ आली तर मी शाळेतच थांबेन.”

“मग?”

“मग ती बाई, मामा. तुझ्या नियमात ती कुठे बसते? तिने शिडी वर ओढून घेतली असती तर तिचं काही चुकलं नसतं. माळ्याला खरंच धोका होता. घर तिचं, मुलं तिची. तिने तुझ्यासारखा हिशेब केला, अकराला बास म्हणाली. आणि मग तो हिशेब बाजूला ठेवला.”

“माळा पडला असता तर?”

“तर मी आज इथे नसते. पण तिने हात खाली सोडला नसता तर शेवटच्या दोघी नसत्या. त्यातली एक पंधरा-सोळा वर्षांची मुलगी होती.”

मामा बराच वेळ बोलला नाही. भरती लागली होती. कलंडलेल्या होड्यांपैकी सगळ्यात पुढची हळूहळू सरळ होत होती आणि एक कोळी आजोबा गुडघाभर पाण्यातून तिच्याकडे चालले होते. मला वाटलं होतं तो पुन्हा आकडे सांगेल. त्याऐवजी तो म्हणाला, “सरावात आम्ही कधी हे घेतलं नाही. दार लावायचं, एवढंच शिकवलं. दारावर कुणी थाप मारली तर काय करायचं, ते कागदावर नव्हतं.”

“आणि मला वाटतं, दार लावायचं हे सिनेमांनी शिकवलं नाही. दोघांनाही अर्धंच माहीत आहे.”

“माहुलच्या लोकांना काय सांगशील मग?” तो अचानक म्हणाला. “तिथे दार लावून उपयोग नाही आणि उघडूनही नाही.” हे त्याच्या तोंडून यावं याचं मला नवल वाटलं. जलवाहिन्यांच्या कडेच्या झोपड्या पाडून हजारो माणसांना माहुलच्या इमारतींत पाठवलं गेलं. स्लॅबची घरं, लागणाऱ्या खिडक्या, आणि भोवती कारखान्यांच्या टाक्या. तिथल्या हवेचा रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच म्हटलं होतं. लोक महिनोन्महिने रस्त्यावर बसले, उच्च न्यायालयात गेले. त्या लोकांना भिंत मिळाली, पण वारा तोच राहिला. यावर सिनेमा काढायचा तर धावणंही दाखवता येणार नाही आणि थांबणंही. मी तसं म्हटलं. मामाने मान हलवली आणि उठला. “चल, अंधार होईल. मामी वाट बघत असेल.”

घरी मामी मेथी निवडत बसली होती. आम्ही हातपाय धुऊन येईपर्यंत तिने चहा टाकला. मी तिला सांगितलं की मामाने मला तुमची शपथ सांगितली. ती मामाकडे बघून म्हणाली, “सांगितलंत? एवढ्या वर्षांनी?” मग माझ्याकडे वळून, “मला तेव्हा फार राग आला होता गं. नवरा म्हणतो, मी येणार नाही. माहेरी निघून जावं असं वाटलं. दोन दिवसांनी कळलं, तो मला वाचवायची रीत सांगतोय.”

“आणि कधी वेळ आली?”

“एकदाच.”

८ ऑगस्ट २०१८. दुपारची वेळ. माहुलच्या एका तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि चेंबूरपर्यंत खिडक्या हादरल्या. मामा तेव्हा स्टेशनजवळच्या बँकेत होता. मामी घरी एकटी.

“मी बँकेतच थांबलो,” मामा म्हणाला. “पाय घराकडे ओढत होते. पासबुक हातात धरून वीस मिनिटं खुर्चीत बसलो. मग हिला फोन लागला. ही म्हणाली, आत आहे, खिडक्या लावल्या आहेत, तुम्ही तिथेच थांबा. मला इतकं बरं वाटलं. चौतीस वर्षांपूर्वीचं एक न एक अक्षर हिने पाळलं होतं.”

मामी हसली. “सगळं सांगितलं नव्हतं मी यांना.”

“संध्याकाळी घरी आलो,” मामा म्हणाला, “तर मोरीत पाच कप.”

खाली जिन्याखालच्या पत्र्याच्या खोलीत इमारतीचा वॉचमन, त्याची बायको आणि लहान मुलगी राहत होती. तळमजल्यावर एक आजी एकट्या. हादरा बसल्यावर मामीने वरच्या मजल्याच्या खिडक्या एकेक करून लावल्या, आतल्या खोलीच्या दाराखाली ओला टॉवेल दाबला आणि मग बाहेरचं दार उघडून जिना उतरली. चौघांना घेऊन वर आली आणि त्यानंतर दार लावलं.

“हे म्हणाले होते, दार लाव,” मामी म्हणाली. “कितीजण आत आल्यावर लाव, ते म्हणाले नव्हते.”

मामाने चहाचा कप खाली ठेवला. काही बोलला नाही. मला वाटलं त्याला हे लागलं असावं, म्हणून मी विषय बदलायला म्हटलं, ती पिशवी तरी दाखव. मामीने कपाटाच्या खालच्या कप्प्याकडे बोट केलं. खाकी कापडाची, दोन बंदांची, जुन्या बॅगेसारखी जाड शिवणीची पिशवी. टॉर्च होता, मेणबत्त्या होत्या, काड्यापेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. ट्रान्झिस्टर नवा होता. एका वहीच्या पानावर मामाच्या अक्षरात यादी होती आणि प्रत्येक ओळीखाली दोन रेघा.

पिशवी उचलायला गेले तर एका हाताने उचलेना. आत पाण्याच्या बाटल्या होत्या. मी त्या बाहेर काढून फरशीवर ओळीने ठेवल्या. सहा होत्या. यादीत ‘पाणी’ या शब्दापुढचा दोनचा आकडा खोडून त्यावर निळ्या शाईने सहा केलेला होता आणि खाली बारीक अक्षरात तारीख होती. ९ ऑगस्ट २०१८.

मामी ती यादी पहिल्यांदाच बघत असावी. तिने चष्मा लावून कागद दिव्याजवळ नेला.

“आज एक तारीख आहे,” मामा उठत म्हणाला. “पाणी बदलायचं राहिलंय. त्या तीन तू घे, तीन मी घेतो.”